तोंडाजवळच्या माईकवर आवाज किती पोचतो आणि गेन किती ठेवायचा

साध्या गप्पांचा आवाज एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतो. हा आकडा बहुतेकांना पाठ असतो, पण माईक कुठे एक मीटरवर असतो? तो ओठांपासून चार बोटांवर असतो. अंतर निम्मं झालं की पातळी ६ डेसिबलने वाढते, एक दशांश झालं की २० ने. म्हणजे तोच माणूस, तोच सूर, पण १० सेंटिमीटरवर ८० आणि ५ सेंटिमीटरवर ८६ डेसिबल. मोठ्याने ओरडणारा एक मीटरवर ८५ च्या वर जातो. ५ सेंटिमीटरवर तो ११० ओलांडतो. (३-४ सेंटिमीटरच्या आत हे गणित काटेकोर राहत नाही, कारण तोंड म्हणजे काही टिंब नव्हे.)

शिवाय ही सगळी सरासरी. बोलताना क्षणभर येणाऱ्या उसळ्या सरासरीच्या १२ ते १८ डेसिबल वर जातात. ८६ ची सरासरी असलेलं बोलणं शंभरी गाठतं ते असं.

स्वतःचा आकडा काढणं सोपं आहे. फोनवर आवाज मोजण्याचं एखादं अॅप घ्या, फोन तोंडापासून बरोबर एक मीटरवर ठेवा आणि रेकॉर्डिंगला लावाल त्याच आवाजात अर्धा मिनिट वाचा. जी सरासरी येईल तीत माईक वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरवर असेल तर १४ मिळवा, मूठभर म्हणजे १० वर असेल तर २०, आणि ५ वर असेल तर २६. अॅप दोन-चार डेसिबल इकडेतिकडे दाखवेल, त्याने फारसं बिघडत नाही. फोन तोंडाशी धरून मात्र मोजू नका; श्वासाची फुंकर लागली की आकडा भलताच येतो.

आता माईककडे. ९४ डेसिबल म्हणजे १ पास्कल दाब, आणि माईकच्या माहितीपत्रकात एका पास्कलला किती मिलिव्होल्ट निघतात ते दिलेलं असतं. बोलण्यासाठीचे डायनॅमिक माईक (आत तारेचं वेटोळं असलेले) १ ते २ मिलिव्होल्ट देतात, कंडेन्सर (वीज पुरवावी लागणारे, जास्त संवेदनशील) बहुधा १० ते २०. ८६ डेसिबल म्हणजे जेमतेम ०.४ पास्कल, म्हणून डायनॅमिकमधून एक मिलिव्होल्टसुद्धा निघत नाही. त्याला ५० ते ६० डेसिबल गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, लागतो, कंडेन्सरला त्याहून सुमारे २० कमी. एका माईकसाठी लावलेला गेन तसाच ठेवून दुसरा माईक जोडला की आवाज फाटतो किंवा ऐकूच येत नाही, त्याचं कारण हेच.

आवाज फाटला की लोक माईकला दोष देतात. पण बहुतेक कंडेन्सर १२०-१३० डेसिबल सहज सोसतात. फाटतं ते प्रीअॅम्पमध्ये, म्हणजे माईकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागात. तिथे एकदा फाटलेला आवाज सॉफ्टवेअरमधली पट्टी खाली ओढून सुधारत नाही, फाटलेलाच राहून हळू ऐकू येतो. गेनची कळच मागे घ्यायला हवी.

गेन लावताना मजकुरातलं सर्वांत जोरात येणारं वाक्य म्हणा; ‘हॅलो, हॅलो, चेक’वर भरवसा ठेवू नका. उसळ्या मीटरवर उणे १२ च्या आसपास राहू द्या. (मीटरवरचे हे डेसिबल वेगळे. तिथे शून्य म्हणजे छत, त्यावर काही नाही.) प्रत्यक्ष बोलताना माणूस रंगात येतो आणि चाचणीपेक्षा हमखास चढतो, त्याच्यासाठी ही जागा. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर पातळी थोडी कमी राहिली म्हणून काही बिघडत नाही.

अंतर किती ठेवायचं, हा खरा पेच. ५ सेंटिमीटरवर बोलताना मान ५ सेंटिमीटर मागे गेली की ६ डेसिबल गेले. १५ वर असताना तेवढंच हललं तर अडीचच. चुळबुळ करणाऱ्याला म्हणून १५ बरं. पण ५ वरून १५ वर गेलात की गेन साडेनऊ डेसिबल वाढवावा लागतो, आणि त्याबरोबर पंख्याची घरघर आणि खोलीचा घुमाराही तेवढाच वर येतो. खोली घुमत असेल तर जवळ या आणि मान स्थिर ठेवा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज टिपणारा, माईक फार जवळ घेतला तर खर्ज फुगतो. ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर) लावून पाहा.

प, फ, ब, भ ही वेगळीच डोकेदुखी. तिथला धपका म्हणजे तोंडातून सुटलेली हवा, आणि गेन कमी करून तो जात नाही, फक्त सगळंच हळू होतं. माईक तोंडासमोरून हलवून ओठांच्या कोपऱ्याशी आणा आणि ३० ते ४५ अंश वळवून तोंडाकडे रोखा. पॉप फिल्टर (हवेचा धपका अडवणारी जाळी) माईकला चिकटवू नका, मध्ये चार बोटं मोकळी सोडा. मग हेडफोन लावून ‘भपकेबाज पोपट फांदीवर फडफडला’ म्हणा. एकाही अक्षराला कानात धप्प आवाज आला तर माईक आणखी थोडा बाजूला सरकवा.