कादंबरीवर ॲनिमेशनपट करताय? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी मला एक पीडीएफ येते. वर धुक्यातला किल्ला, खाली सोनेरी अक्षरांत नाव, आत बावीस पानं कॅरॅक्टर डिझाइन आणि शेवटी अर्ध्या पानात 'कथा'. सोबत मेसेज: "सर, एका फँटसी कादंबरीवर फीचर करतोय, जरा बघता का?" मी स्टोरीबोर्ड (सिनेमाचा चित्रांतला आराखडा, आमच्या भाषेत नुसता 'बोर्ड') काढून पोट भरतो, सव्वीस वर्षं झाली. माझं उत्तर दर वेळी तेच असतं, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पुस्तक न वाचता सिनेमा काढणं

माझा सगळ्यात जुना राग यावर आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सप्टेंबर १९५७. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या फँटसी कादंबरीचा शेवटचा खंड येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. फॉरेस्ट ॲकरमन हे अमेरिकन गृहस्थ ॲनिमेशनपटाचा प्रस्ताव घेऊन टॉल्किनना भेटले. टॉल्किन म्हणजे नाक मुरडणारा प्राध्यापक, असं समजू नका. आदल्या जूनमध्येच त्यांनी प्रकाशकाला कळवलं होतं की ॲनिमेशनची कल्पना आपल्याला आवडेल. थोडी सवंग झाली तरी चालेल, बीबीसी रेडिओनं केलेल्या बाळबोधपणापेक्षा ते कमी टोचेल. निवृत्ती जवळ आली होती, चार पैसे मिळाले तर नको होते असंही नाही. ॲकरमननी नेलेली चित्रं तर त्यांना मनापासून आवडली. डिस्नीपेक्षा आर्थर रॅकहॅम या जुन्या इंग्रज चित्रकाराच्या जवळची आहेत, असं त्यांनी मुलाला लिहिलं, आणि डिस्नी त्यांना मुळीच आवडत नसे हे ठाऊक असेल तर ही केवढी शाबासकी ते कळेल.

म्हणजे लेखक राजी, चित्रं उत्तम. घोडं अडलं ते कथेच्या आराखड्यावर. तो मॉर्टन ग्रेडी झिमरमन यांनी लिहिला होता आणि त्यात बोरोमिर हे पात्र 'बोरिमोर' झालं होतं. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. जून १९५८ मध्ये टॉल्किननी या आराखड्यावर पानंच्या पानं शेरे लिहून पाठवले. ते छापील पत्रसंग्रहात आहेत आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी पेन्सिलीच्या आधी तेच वाचायला देतो.

नमुने बघा. सरायचा मालक गोष्टीचा नायक फ्रोडो याच्याकडून रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो. टॉल्किन विचारतात, कशासाठी? तिथे ना पोलीस ना सरकार! स्ट्रायडर हा भटका योद्धा झटकन तलवार उपसतो. कशी उपसेल? मूळ गोष्टीत त्याची तलवार मोडलेली आहे, आणि पुढचं अर्धं राजकारण त्या मोडक्या तलवारीवर उभं आहे. ऑर्कना, म्हणजे गोष्टीतल्या राक्षसी सैनिकांना, चोच आणि पिसं. एल्फांच्या (त्या दुनियेतली अमर जमात) लेंबास भाकरीला झिमरमन 'अन्न-अर्क' म्हणतात, म्हणजे थेट अंतराळवीराची गोळी. टॉल्किनना आपली गोष्ट परीकथेकडे ओढलेली चालत नव्हती आणि विज्ञानाकडे ओढलेलीही.

यातली एकही चूक पैशाअभावी झालेली नाही. सगळ्या घाईच्या आहेत. सिनेमा कधीच झाला नाही.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. पुस्तक तीनदा वाचायचं. पहिल्यांदा नुसतं, लोळत. दुसऱ्यांदा वही घेऊन: कोणाच्या हातात काय आहे, ऋतू कोणता, दिवस की रात्र. तिसऱ्यांदा मोठ्यानं, कुणाला तरी ऐकवत. माझी आई ऐकायची. ती जिथे पेंगायची तिथे मी समासात फुली मारायचो. इंटरनेटवरचा सारांश वाचून बोर्ड काढणाऱ्याला मी दुसऱ्या मिनिटाला ओळखतो, कारण त्याच्या प्रत्येक पात्राच्या हातात तलवार असते.

गरुड उतरवणं

आमच्या टीममध्ये ही शिवीच झाली आहे. झिमरमननी प्रवासाची कटकट नको म्हणून गरुडांचा सढळ वापर केला, एक तर थेट शायरमध्ये, फ्रोडोच्या मुलखात, आणून उतरवला. टॉल्किनचं म्हणणं असं की गरुड हे धोक्याचं यंत्र आहे. आपण ते जपून वापरलं, त्यापलीकडे ताणलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. शिवाय गरुड असा हाकेसरशी येत असेल तर जादूगार गँडाल्फ दुष्ट सारुमानच्या तावडीत सापडतोच कसा, आणि त्याच्या सुटकेत मग मजा काय उरली?

तुमच्या गोष्टीतही कुठेतरी गरुड असतो. उडता गालिचा, जादूचा दरवाजा, "इतक्यात एक साधू आले". बोर्ड कमी होतात हे खरं. पण वापरण्याआधी मागचे सगळे सीन पुन्हा बघा, तो कुठल्या सीनमध्ये का आला नाही, याचं उत्तर द्यावं लागतं.

सगळं दाबून भरणं

पाचशे पानं दोन तासांत बसवायची म्हटली की नवखा माणूस प्रत्येक प्रसंग थोडा थोडा ठेवतो. मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट असते तसं, सगळे बसलेले आणि कुणालाच धड बसता येत नाही. टॉल्किनचा कल उलटा होता: निवडून ठेवा, बाकी काढून टाका. एन्ट (चालती-बोलती झाडं) आणि हॉर्नबर्ग किल्ल्याची लढाई या दोन्हींना पुरेशी जागा नसेल तर लढाई काढा, असं खुद्द लेखक सांगतो! कारण पुढे मोठी लढाई आहेच, लढाया एकमेकींसारख्या दिसतात, आणि मोठीला प्रतिस्पर्धी नसला तर तीच उठून दिसेल. माझ्या ओळखीतल्या कुठल्याही दिग्दर्शकाला लढाई कापायला सांगून बघा.

ऋतूंचंही तसंच. मूळ गोष्टीची मुख्य वाटचाल शरद ऋतूत सुरू होते, हिवाळ्यातून जाते आणि लख्ख वसंतात संपते. टॉल्किन म्हणतात, हे चित्रातून दाखवण्यासारखं आहे, काळ पुढे सरकल्याचं चित्रकारांनी यातूनच दाखवावं. अहो, लेखकानं कलर स्क्रिप्ट (सिनेमाभर रंग कसे बदलतात त्याचा आराखडा) फुकट हातात दिली होती! झिमरमननी काळ इतका आवळला की उन्हाळा सरायच्या आत बर्फाचं वादळ आलं. हे वाचल्यापासून मी कुठल्याही कादंबरीचा पहिला बोर्ड काढण्याआधी एक लांब पट्टी रंगवतो. पात्रं नाहीत, नुसते रंग, प्रकरणागणिक एक. भिंतीवर लावतो. दोन दिवस त्याकडे बघत चहा पितो. क्लायंटला वाटतं, काम चालू नाही.

ट्रेलरपासून सुरुवात. नको.

एआयनं काढलेली चाळीस चित्रं. किल्ला छान आहे. पुढच्या चित्रात त्याच किल्ल्याला दोन बुरूज जास्त आहेत. ॲनिमॅटिकमध्ये, म्हणजे बोर्ड वेळेनुसार जोडून केलेल्या कच्च्या फिल्ममध्ये, काय करणार आहात?

कच्च्या आवाजाशिवाय ॲनिमॅटिक. घरातल्या घरात, मोबाइलवर, कुत्रा भुंकत असला तरी चालेल, पण संवाद बोलून लावा. कागदावर तीन सेकंदांचं वाटणारं वाक्य तोंडानं सात सेकंद खातं.

हक्कांचं "नंतर बघू"

इथे पुन्हा लांबण आहे, कारण इथे माझे अकरा महिने गेलेत.

आधी प्रागची गोष्ट. 'टॉम अँड जेरी'चे तेरा भाग करणारे जीन डाइच तिथे काम करायचे. त्यांचे निर्माते विल्यम स्नायडर यांच्याकडे टॉल्किनच्याच 'द हॉबिट'चे हक्क होते आणि डाइचनी पूर्ण लांबीची पटकथाही तयार केली होती. मोठ्या स्टुडिओशी बोलणी फिसकटली. तेवढ्यात अमेरिकेत टॉल्किनचं वेड पसरलं आणि हक्कांची किंमत चढली. करार सांगत होता की ३० जून १९६६ च्या आत रंगीत चित्रपट झाला पाहिजे. किती लांबीचा, हे लिहिलेलं नव्हतं! स्नायडरनी महिन्याभरात छोटा सिनेमा मागितला. डाइचनी ॲडॉल्फ बॉर्न या चेक चित्रकाराला हाताशी धरून जेमतेम बारा मिनिटांचा उभा केला. पात्रं फारशी हलत नाहीत, कॅमेराच चित्रांवरून फिरतो. तो घेऊन ते न्यूयॉर्कला गेले, एका लहानशा प्रोजेक्शन रूममध्ये लावला. रस्त्यावरून माणसं बोलावली, तिकिटाचे दहा-दहा सेंट त्यांच्या हातात आपणच दिले, ते परत घेतले आणि पैसे देऊन सिनेमा पाहिल्याच्या सह्या घेतल्या. हक्क वाचले. स्नायडरनी ते पुढे चांगल्या किमतीला विकले. तो मोठा सिनेमा राहिला तो राहिलाच.

करारातल्या एका ओळीत केवढी ताकद असते, हे मला ही गोष्ट कळायच्या आधी कळायला हवं होतं. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही पाच जण एका मराठी अद्भुत कादंबरीवर काम करत होतो. लेखक निवृत्त शिक्षक, साताऱ्याकडचे. घरी गेलो तर वहिनींनी शिरा केला, सरांनी पाठीवर हात ठेवला, "अरे, करा की, विचारताय काय!" आम्हाला वाटलं झालं काम. साडेचारशे बोर्ड, चौदा मिनिटांचं ॲनिमॅटिक. दहाव्या महिन्यात सर गेले. तेराव्याला गेलो तेव्हा मुलानं नम्रपणे सांगितलं की बहिणींना विचारावं लागेल. एक बहीण परदेशात. मग प्रकाशकाचा फोन, चित्रपटाचे हक्क म्हणे जुन्या करारात त्यांच्याकडेच आहेत. कुणीच वाईट माणूस नव्हतं. आमच्याकडे कागद नव्हता, एवढंच. अकराव्या महिन्यात टीम फुटली.

तेव्हा आता ऐका. आपल्याकडे हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात, शिऱ्यावर होत नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि वेगळं काही ठरलं नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क परत जातो. ॲनिमेशनला वर्ष म्हणजे काय, नुसता श्वास घ्यायला लागतं. म्हणून मुदत स्वतः लिहून घ्या. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, तेव्हा "पुस्तक जुनं आहे" हे उत्तर नाही. प्रकाशकाचा मूळ करार डोळ्यांनी बघा. माझ्याकडे एक हिरवी फाइल आहे. तिच्यात सहीचा कागद पडल्याशिवाय मी पेन्सिलीला टोक करत नाही. पोरं हसतात, हसू देत.

लेखक 'नाही' म्हणाला तर? उठून या. ऐंशीच्या दशकात जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक मियाझाकींनी अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्याकडे त्यांची फँटसी कादंबरीमाला 'अर्थसी' मागितली होती. त्यांना मियाझाकींचं काम ठाऊक नव्हतं, त्यांनी नकार दिला. मियाझाकींनी दुसरे सिनेमे केले आणि ते पाहून ले ग्विन यांचंच मत बदललं.

खलनायकाला हसवणं

गडगडाटी हास्य, वर घुमणारा आवाज. प्रत्येक पीडीएफमध्ये असतं. झिमरमननी बॅलरॉग या अग्निराक्षसाच्या तोंडी संवाद घातले होते. टॉल्किननी कळवलं की बॅलरॉग कधीच बोलत नाही, कसलाही आवाज काढत नाही, हसणं-खिजवणं तर नाहीच. वर टॉल्किनचा टोला: "आपल्याला बॅलरॉग माझ्यापेक्षा जास्त कळतात असं झिमरमनना वाटत असेल तर वाटो, पण मी ते मान्य करावं ही अपेक्षा त्यांनी ठेवू नये."