स्वप्रकाशित विज्ञान-कादंबरी आणि फँटसी: शोधायची कुठे, वाचायची कशी, लिहायचं काय

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन स्वप्रकाशित विज्ञान-कादंबरी मागितली, तर बहुतेक दुकानांत ती मिळणार नाही. कारण व्यवहाराचं आहे. दुकानदाराला कमिशन हवं असतं आणि न खपलेल्या प्रती परत करायची सोयही. मागणीप्रमाणे एकेक प्रत छापून घेणाऱ्या लेखकाला ते परवडत नाही. त्यामुळे ही पुस्तकं सापडतात ती किंडलवर, प्रदर्शनातल्या एखाद्या टेबलावर किंवा थेट लेखकाकडे. नव्याने परीक्षण लिहू पाहणाऱ्याने शोध तिथूनच सुरू करावा.

इंग्रजी फँटसीसाठी भरवशाची जागा म्हणजे एसपीएफबीओ (सेल्फ-पब्लिश्ड फँटसी ब्लॉग-ऑफ) ही स्वप्रकाशित पुस्तकांची स्पर्धा. फँटसी लेखक मार्क लॉरेन्स यांनी ती २०१५ साली सुरू केली. साधारण ३०० पुस्तकं, दहा परीक्षक-गट, प्रत्येकाच्या वाट्याला तीसेक. प्रत्येक गट एकच पुस्तक अंतिम फेरीत पाठवतो आणि ती दहा पुस्तकं सगळे गट वाचून १० पैकी गुण देतात. विज्ञान-कादंबऱ्यांसाठी २०२१ पासून एसपीएसएफसी (सेल्फ-पब्लिश्ड सायन्स फिक्शन कॉम्पिटिशन) ही तशीच स्पर्धा आहे. विजेत्यावर सगळ्यांचीच नजर असते; तुम्ही उपांत्य फेरीत बाद झालेल्यांची यादी काढा. एका गटाच्या आवडीत न बसलेली, पण दमदार पुस्तकं तिथे मिळतात. शिवाय एकाच कादंबरीला एका गटाने ८ आणि दुसऱ्याने ५ का दिले, हे शेजारी शेजारी ठेवून वाचलं, तर परीक्षणाचं निम्मं शिक्षण तिथेच होतं.

मराठीत अशी गाळणी नाही, म्हणून जास्त फिरावं लागतं. ई-साहित्य प्रतिष्ठानची मोफत ई-बुकं, प्रतिलिपि या वाचन-लेखनाच्या ॲपवरच्या मालिका, २०१६ पासून किंडलवर येऊ लागलेली मराठी पुस्तकं, एवढं तरी चाळा. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ या दिवाळी अंकांतल्या नव्या नावांची वही ठेवा. आज अंकात कथा लिहिणारा उद्या स्वतःची कादंबरी काढण्याची शक्यता बरीच असते. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर भरणारा पुणे पुस्तक महोत्सवही सोडू नका. छापील प्रत हातात आली की पहिलं पान उघडू नका, मधलं उघडा. ई-बुकच्या सॅम्पलमध्ये ही सोय नसते.

सॅम्पल म्हणजे किंडलवर साधारण पहिला दहा टक्के मजकूर फुकट. लेखकालाही हे ठाऊक असल्याने तेवढा भाग घासूनपुसून लख्ख केलेला असतो. म्हणून सॅम्पलची शेवटची पाच-सहा पानं सुरुवातीपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचा; लेखकाचा रोजचा हात तिथे दिसतो. पहिल्या दोन पानांत आठ-दहा कल्पित नावं येऊनही एकही माणूस डोळ्यांसमोर उभा राहत नसेल, तर लेखक अजून नकाशातच रमलाय असं समजा. ‘तुला ठाऊकच आहे, आपल्या ग्रहावर तीनशे वर्षांपूर्वी…’ असली वाक्यं पात्रं एकमेकांना ऐकवत असतील, तर पुढे माहितीचे डोंगर वाढून ठेवले आहेत. शुद्धलेखनाचं म्हणाल, तर दहा पानांत दोन-तीन चुका चालतील. पानागणिक एक असेल, तर पुस्तक ठेवून द्या.

मराठी ई-बुकात मात्र चुका नुसत्या मोजून भागत नाही, त्यांची जात ओळखावी लागते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षरं फुटतात. एकच चूक पुस्तकभर नेमाने येत असेल, तर ती रूपांतराची आहे. लेखकाला कळवा, शोधून-बदलून ती दुरुस्त होते. चुका अशाच विखुरलेल्या असतील, एकाच पानावर ‘आणि’ आणि ‘आणी’ दोन्ही दिसत असतील, तर मुद्रितशोधनच झालेलं नाही. या दोन्हींना परीक्षणात एकाच काठीने हाणणं अन्यायाचं आहे.

आणखी एक तपासणी हल्ली आवश्यक झाली आहे. लेखकाच्या ॲमेझॉनवरच्या पानावर जाऊन प्रकाशनाच्या तारखा बघा. महिन्याभरात पाच-सहा कादंबऱ्या आल्या असतील, तर सावध व्हा. २०२३ मध्ये ॲमेझॉनने एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तकं चढवायची मर्यादा घातली, ती एआयने लिहिलेल्या पुस्तकांची चिंता वाढत असतानाच. तरीही ‘हे यंत्राने लिहिलंय’ असा शिक्का पुराव्याशिवाय मारू नका. पानावर जे दिसतं ते लिहा: नायिकेचे डोळे तिसऱ्या प्रकरणात घारे आणि नवव्यात काळे आहेत, प्रत्येक प्रकरण त्याच सुरात संपतं, वगैरे.

आता वाचन. लाखभर शब्दांची कादंबरी मिनिटाला २०० शब्दांच्या वेगाने आठ-साडेआठ तास घेते, आणि टिपणं काढत वाचली तर दहा-अकरा. नोकरी सांभाळून महिन्याला दोन, फार तर तीन पुस्तकं नीट होतात. नवखे लोक इथेच फसतात. नेटगॅली या साइटवर परीक्षकांना आगाऊ, म्हणजे प्रकाशनाआधीच्या, प्रती मिळतात म्हणून एकदम वीस मागवतात, चारच वाचून होतात, आणि तिथे ८० टक्के प्रतींवर अभिप्राय अपेक्षित असल्याने पुढच्या मागण्या नाकारल्या जातात. एका वेळी दोनच मागा. स्वप्रकाशित लेखकांच्या प्रतींसाठी बुकसायरन्स ही तशीच साइट जास्त उपयोगी पडते.

टिपणवहीत तीन रकाने पुरतात: जगाचा नियम, त्याची किंमत, तो मोडला ते ठिकाण. मंत्र म्हटल्यावर मांत्रिकाचं रक्त आटतं असं चाळिसाव्या पानावर ठरलं आणि तीनशेव्या पानावर तो दमही न लागता सैन्य उडवतो, तर दोन्ही पानांचे आकडे लिहून ठेवा. ‘कथानक विस्कळीत आहे’ या वाक्याने लेखकाला काहीच कळत नाही. त्या दोन आकड्यांनी कळतं.

विज्ञानाची तपासणीही कागदाच्या पाठीवर साधी आकडेमोड करून होते. मंगळावरची नायिका कोथरूडमधल्या आईशी फोनवर बोलल्यासारखी बोलत असेल, तर थांबा. रेडिओ संदेशाला मंगळापासून इथे यायला, ग्रह कुठे आहेत त्यानुसार, सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. आईच्या ‘जेवलीस का?’चं उत्तर पाऊण तासाने येऊ शकतं. चांगला लेखक हीच वाट पाहणं कथेत वापरतो, आणि वापरलं असेल तर परीक्षणात त्याचं मनापासून कौतुक करा. उलट, सतत १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या, त्वरणाने निघून मध्यावर वळून वेग कमी करणारं यान चंद्रावर साडेतीन तासांत पोचलं, तर ते गणित बरोबर आहे. उगाच बोट ठेवू नका. फँटसीत घोडे आणि पायदळ तपासा. पुणे ते सातारा ११० किलोमीटर आहे. सामानसुमानासह पायी निघालेलं सैन्य दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालतं, म्हणजे चार-पाच मुक्काम. एका रात्रीत तेवढं अंतर कापणाऱ्या फौजेला जादूचं कारण हवं.

वाचन सुरू करताना लेखकाची ओळख आणि इतर वाचकांनी पुस्तकाला दिलेले तारे झाकून ठेवा. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. नावाचं वजन न पडता मजकूर जोखला जावा, ही अपेक्षा रास्तच होती, आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं. अनोळखी लेखकाच्या बाबतीतही तोच नियम लावायला हवा. तुलनेसाठी मात्र आधीचं वाचन लागतंच. पुणे नगर वाचन मंदिर किंवा पुणे मराठी ग्रंथालयाचं सभासदत्व घेतलं, तर मराठी विज्ञानकथेचा मागचा पट हाताशी येतो.

परीक्षण ५०० ते ७०० शब्दांचं पुरे. कथानक पहिल्या पाव भागापलीकडे सांगू नका. दोन-तीन ओळींचं एक अवतरण द्या; परीक्षणासाठी असा रास्त वापर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ला मान्य आहे. आगाऊ प्रतीतून घेतलं असेल, तर अंतिम प्रतीशी ताडून पाहा, कारण वाक्यं बदलतात. मालिकेचा पहिला भाग असेल, तर तो स्वतःपुरता संपतो की नाही आणि पुढचा भाग आलाय का, हे हटकून लिहा. वाचक यावर सर्वाधिक चिडतात. प्रत फुकट मिळाली असेल, तर ते वरच सांगा. जाहिरात मानक परिषदेचे २०२१ चे नियम फुकट मिळालेल्या वस्तूचाही उल्लेख मागतात. नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या पुस्तकावर ॲमेझॉनवर लिहू नका. अभिप्राय काढून टाकला जातो आणि त्रास लेखकाला होतो.

प्रसिद्ध झाल्यावर लेखकाचा निरोप येऊ शकतो. वस्तुस्थितीची चूक दाखवली असेल, तर लगेच दुरुस्त करा. ताऱ्यांबद्दल घासाघीस असेल, तर आभार मानून विषय तिथेच संपवा. ई-बुकची फाईल लेखक केव्हाही बदलू शकतो, म्हणून परीक्षणाखाली वाचलेल्या प्रतीचा महिना आणि वर्ष नोंदवा, आणि तुम्ही दाखवलेल्या चुका नव्या फाईलमध्ये सुधारल्या असतील तर तीही ओळ तारखेसह जोडा.