फ्लूनंतर पोट बिघडलंय? या चुका टाळा

ताप उतरतो, पण पोट रुसलेलंच राहतं: गॅस, पातळ शौच, तोंडाला चव नाही. दोष जातो परवाच्या पाणीपुरीला. खरं तर फ्लूचा विषाणू फुप्फुसात असतानाच आतड्यातले जिवाणू बदलायला लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत याची दोन कारणं सापडली. विषाणूशी लढताना शरीर सोडतं ते इंटरफेरॉन आतड्यावरही परिणाम करतं. दुसरं कारण साधं आहे, भूक मरते. निरोगी उंदरांना तेवढंच कमी खाणं दिलं, तरी त्यांचे जिवाणू बरेचसे तसेच बदलले. कोविडचं जरा वेगळं. तो विषाणू लहान आतड्याच्या पेशींतही शिरतो.

म्हणून पहिली चूक म्हणजे लंघन. 'तापात पोटाला विश्रांती' हे ऐकायला बरं वाटतं, पण अन्नातले तंतू (फायबर) मिळाले नाहीत तर जिवाणू अ‍ॅसिटेट, ब्युटिरेट ही शरीराच्या कामाची आम्लं बनवणार कशातून? फ्लू झालेल्या उंदरांत अ‍ॅसिटेट घटलं आणि न्यूमोकॉकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूशी लढणाऱ्या फुप्फुसातल्या पेशी ढिल्या पडल्या. दर दोन-तीन तासांनी चार-पाच चमचे का होईना, मुगाची मऊ खिचडी, वरणभात, केळं खा. उसळी आणि कच्ची कोशिंबीर मात्र शौच घट्ट झाल्यावर, थोडी थोडी.

सगळ्यात महागात पडणारी चूक: मागच्या खेपेला उरलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. आधीच डळमळलेले जिवाणू तेवढे मरतात, आणि जुलाब वाढतात. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूची साथ असताना इंडियन मेडिकल असोसिएशनने नेमका हाच इशारा दिला होता. डॉक्टरांनी न्यूमोनियासाठी दिलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग मध्येच सोडू नका.

त्यावर उतारा म्हणून स्वतःच्या मनाने प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंची, कॅप्सूल? इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या २०१८च्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळ जिवाणू, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले. जेवणात वाटीभर ताक असू द्या, त्याला औषध समजू नका.

ओआरएसची गफलत घरोघरी दिसते. एक लिटरचं पाकीट फाडायचं, अर्धी पूड पेल्यात ओतायची, उरलेली डब्यात. यात मीठ-साखर भलतीच वाढते, आणि जास्त साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब आणखी पातळ करते. पाकिटावरचं माप वाचा: मोठं एक लिटरला, छोटं बहुधा २०० मिलीला. पूर्ण पाकीट एकदम कालवा, २४ तासांनी उरलेलं फेका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलीचा. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

शौचात रक्त असेल किंवा ताप असेल तर जुलाब थांबवणारी लोपेरामाइड घेऊ नका. रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, धाप, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. आणि दोन दिवस बरं वाटून ताप पुन्हा चढला, खोकला वाढला, तर पोटाचा विचार बाजूला ठेवून आधी छाती तपासून घ्या.