गाणे आधी फिरवावे, मग ध्वनिमुद्रित करावे : स्वतःची लोकगीते लिहून गाणाऱ्या नवोदितांसाठी

स्वतःचे शब्द, स्वतःची चाल आणि लोकसंगीताचा बाज ही तिन्ही अंगे सांभाळून मुंबईत व्यवसाय म्हणून गाऊ पाहणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : अंधेरीत चांगला स्टुडिओ कोणता आणि ते तासाला किती घेतात? प्रश्न रास्त आहे, पण तो दोन पायऱ्या गाळून विचारलेला असतो. पहिली पायरी म्हणजे ते गाणे लोकांसमोर किती वेळा उभे राहिले आहे, आणि दुसरी म्हणजे ते कोणाचे आहे हे कागदावर आले आहे का. मी पोवाडा, भारूड आणि ओवीच्या अंगाने लिहिते व गाते. माझ्या अनुभवात या दोन पायऱ्या चढून स्टुडिओत गेलेले गाणेच टिकते. उलट्या क्रमाने गेलेले गाणे ऐकायला चकचकीत असते, पण कार्यक्रमात दुसऱ्या कडव्यालाच प्रेक्षक आपसात बोलू लागतात.

या शहराला ही रीत नवी नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांची गाणी गिरणी कामगारांच्या वस्त्यांतून फिरली. समोरचा श्रोता दिवसभर राबून आलेला असे आणि कंटाळला तर उठून जायला मोकळा असे. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकापेक्षा असा उठून जाऊ शकणारा प्रेक्षक गाण्याची पारख अधिक चोख करतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून सुरुवातीच्या काळात नाट्यगृहाच्या मागे लागू नये; चाळीतला गणपती, वस्तीतली जयंती, महिला मंडळाचे हळदीकुंकू, असे जे मिळेल तिथे गावे.

आपले वर्ष कसे फिरते हे नवोदितांना कोणी सांगत नाही. गणेशोत्सव आणि नवरात्र मुंबई-ठाण्यातच जाते. फेब्रुवारीत शिवजयंतीमुळे पोवाड्याला मागणी येते, आणि तिथीप्रमाणे साजरी होणारी शिवजयंती वेगळी असल्याने तारखा पुढेही मिळतात. १४ एप्रिलपासून आंबेडकर जयंतीचे कार्यक्रम सुरू होतात, ते एका दिवसात न संपता वस्तीवस्तीतून पुढे कित्येक आठवडे चालू राहतात. चैत्र-वैशाखात घाटावरच्या आणि कोकणातल्या जत्रा असतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाण्याचा हेतू मात्र बिदागीचा नसावा. त्या दिवशी शिवाजी पार्कच्या परिसरात पुस्तकांच्या आणि गाण्यांच्या दुकानांमधून दोन तास शांतपणे हिंडावे, लोक काय मागून घेतात ते पाहावे. लोकगीताच्या बाजारपेठेचे इतके थेट शिक्षण दुसरीकडे मिळणार नाही. पावसाळ्याचे महिने रिकामे जातात. ते लिहिण्याचे आणि ध्वनिमुद्रणाच्या तयारीचे महिने समजावेत, आणि घरखर्चाची तजवीज एप्रिल-मेच्या कमाईतून आधीच करून ठेवावी.

कार्यक्रमातून गाणे नेमके काय शिकते, याचे एक उदाहरण देते. पोवाडा रंगात आलेला असतो आणि समोरून कोणीतरी उठून निवेदकाच्या हातात शंभराची किंवा पाचशेची नोट ठेवतो. त्याचे नाव, गावाचे नाव आणि कोणाच्या स्मरणार्थ हे बक्षीस आहे ते सारे ध्वनिक्षेपकावरून जाहीर व्हावेच लागते. ते टाळले तर माणूस दुखावतो, आणि कडव्याच्या मधोमध थांबलो तर कथानक तुटते. यावर शाहीर मंडळींनी काढलेला तोडगा असा की, झीलकऱ्यांनी, म्हणजे मागे उभे राहून ओळ उचलणाऱ्या साथीदारांनी, ‘जी जी रं जी’ ही झील धरून ठेवायची, ढोलकीने ठेका खालच्या आवाजात चालू ठेवायचा, तेवढ्यात नाव घेऊन होते, आणि शाहीर शेवटची ओळ पुन्हा घेऊन पुढे सरकतो. म्हणजे गाण्यातच अशा थांबण्याच्या जागा बांधलेल्या असाव्या लागतात. घरी बसून लिहिलेल्या गाण्यात त्या नसतात. पाच-सहा कार्यक्रम झाले की आपोआप कळते की कोणते कडवे लांबले आहे, कोणता शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही आणि झील कोणत्या अक्षरावर उचलायला सोपी जाते. माझ्या वहीत प्रत्येक गाण्याच्या उजव्या बाजूला कोरा समास असतो आणि परतीच्या प्रवासात हे बदल तारखेसह तिथे लिहिले जातात. तारीख कशासाठी, ते पुढे येईल.

वेळेचे भान हा दुसरा धडा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. वर्षातल्या काही मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देते, आणि असे दिवस वर्षाला जास्तीत जास्त १५ असतात. मोकळ्या मैदानावर सातचा कार्यक्रम जाहीर होतो, दीपप्रज्वलन आठला, मग मान्यवरांची मनोगते, शाल-श्रीफळ, सत्कार, सत्कारमूर्तींचे उत्तर, आणि आपल्या हाती माईक येतो तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. यावर चिडून उपयोग नाही. दोन तासांचा, एक तासाचा आणि चाळीस मिनिटांचा असे तीन क्रम आधीच बसवून ठेवावेत आणि साथीदारांना फक्त एक खूण करावी. सर्वांत जमलेले गाणे शेवटी राखून ठेवण्याची हौस मुंबईत महाग पडते.

तिसरा धडा गळ्याचा. दौऱ्यात रात्रीचा प्रवास, धूळ, थंड पाणी आणि अपुरी झोप यांमुळे आवाज अर्धा सूर तरी खाली येतो. स्टुडिओत ताज्या गळ्याने काळी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या स्वरात) गायलेले गाणे सलग तिसऱ्या रात्री त्याच पट्टीत निभत नाही. म्हणून मी गाणे अर्धा सूर खाली, पांढरी सहात बसवते आणि मुद्रणातही शक्यतो तीच पट्टी ठेवते. ढोलकीची चाट, म्हणजे तिचे उंच सुराचे तोंड, गायकाच्या पट्टीला मिळवलेली असते, त्यामुळे ऐन कार्यक्रमात पट्टी बदलायची तर दुसरी ढोलकी तयार हवी; नवख्या गायकाला हे ठाऊक नसते आणि ढोलकीवाला भिडेस्तव बोलत नाही.

व्यवहार थोडक्यात सांगते. तारीख देताना निम्मी रक्कम इसार म्हणून घ्यावी आणि प्रवास, जेवण, मुक्काम, ध्वनिव्यवस्था कोणाकडे हे संदेशात का होईना, पण लेखी घ्यावे. बाई म्हणून मी यात दोन अटी जोडते : कपडे बदलायला कडी लागणारी खोली, आणि कार्यक्रम संपल्यावर परतीची गाडी. दोन्हींवर घासाघीस करणाऱ्या आयोजकाकडे मी जात नाही. साथीदारांचे पैसे त्याच रात्री, गाडी सुटण्यापूर्वी द्यावेत, मग आपला हिशेब काढावा. लोककलेच्या किंवा शास्त्रीय कलेच्या सादरीकरणासाठी कलावंताला एका कार्यक्रमामागे दीड लाख रुपयांपर्यंत मिळणाऱ्या मानधनावर जीएसटी लागत नाही, एवढे लक्षात ठेवावे. संस्थेने मानधनातून टीडीएस कापला असेल तर त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. बाकीसाठी चार्टर्ड अकाउंटंट असतो.

आता कागद. आपल्याकडे शाहिराची आणि लोककवीची नाममुद्रा शेवटच्या कडव्यात गुंफण्याची जुनी चाल आहे. वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गाण्यांत शेवटाकडे ‘वामन’ येतो, आणि ते गाणे कोणीही, कुठेही गायले तरी कवीचे नाव त्याच्याबरोबर जाते. मुद्रणाच्या व्यवहारात मात्र गाणे तीन-साडेतीन मिनिटांत बसवायचे म्हणून पहिली कात्री शेवटच्या कडव्यालाच लागते. माझ्या एका गाण्याचे असेच झाले : मुद्रेचे कडवे गेले, आणि प्रकाशित करणाऱ्या कंपनीने गीतकार-संगीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असे छापले. पारंपरिक रचनेवर कोणाचा हक्क नसतो, त्यामुळे त्या एका शब्दाने माझा हक्कच पुसला जात होता. दुरुस्ती झाली ती तारखा घातलेल्या वहीमुळे आणि जुन्या कार्यक्रमांच्या मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे. वहीतल्या तारखा यासाठी.

कायदा आपल्या बाजूने पुष्कळ आहे, फक्त तो वाचलेला असावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचना लेखी किंवा ध्वनिमुद्रित रूपात उतरली की हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. आणि गीताचा व चालीचा हक्क रचनाकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा इतका पक्का केला की, तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, कंपनीच्या नावे कायमचा सोडून देता येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच हक्क दिला असे मानले जाते. म्हणूनच कंपन्यांच्या छापील करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ हे शब्द हमखास असतात. सही करण्यापूर्वी या दोन जागांवर बोट ठेवून बोलावे. नवोदिताला सगळे बदलून मिळत नाही, पण मुदत कमी करून मिळाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून मुंबईतच आहे. गायकांच्या हक्कांसाठी इसामरा (पूर्वीची इसरा) ही वेगळी संस्था आहे. जो लिहितो, चाल लावतो आणि गातो त्याने दोन्हीकडे सभासद व्हावे. एका संस्थेत नाव घातले की दुसरीचे काम झाले, हा समज सर्रास आढळतो आणि तो खरा नाही.

गाणे दोघा-तिघांनी मिळून केले असेल तर शब्द कोणाचे, चाल कोणाची, संयोजन कोणाचे आणि टक्केवारी किती, हे स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी एका पानावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. जुनी चाल घेऊन नवे शब्द लिहिले असतील तर तसेच लिहावे : चाल पारंपरिक, शब्द अमुक यांचे. यूट्यूबवर जुन्या चालीच्या गाण्यांवर यंत्रणेकडून दुसऱ्याच कोणाचा दावा लागतो, तेव्हा हरकत नोंदवताना हाच कागद हाताशी येतो.

आणि आता तो अंधेरीचा स्टुडिओ. खोली लहान असली तरी चालेल. ध्वनिमुद्रकाने पूर्वी ढोलकी, हलगी, संबळ मुद्रित केले आहेत का, एवढे आधी विचारावे आणि त्याचे जुने काम ऐकावे. पॉपच्या मुद्रणात मुरलेला माणूस ढोलकीसमोर एकच मायक्रोफोन ठेवतो आणि मग चाटेची कडक अक्षरे कानाला टोचतात, धुमेचा, म्हणजे खर्जाच्या तोंडाचा, घुमारा हरवतो. दोन्ही तोंडांना वेगळा मायक्रोफोन आणि खोलीचा नाद घेणारा एखादा थोडा लांब, अशी मांडणी माझ्या कानाला पटते. पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि स्टुडिओतल्या वातानुकूलनाने तासाभरात पुन्हा ताणले जाते, त्यामुळे लोकलच्या सामानाच्या डब्यातून आणलेली ढोलकी खोलीत ठेवून निदान तासभर जाऊ द्यावा. घाई केली तर तिसऱ्या टेकपर्यंत चाट चढलेली असते आणि पहिल्या टेकशी जुळत नाही.

सर्वांत मोठा पेच क्लिकचा. स्टुडिओत मोजलेल्या लयीची टिकटिक कानात देऊन एकेक वाद्य वेगळे घेण्याची पद्धत आहे. पोवाड्याची लय मात्र कथेबरोबर चढत जाते. लढाईचा प्रसंग आणि प्रस्तावना एकाच गतीत गायल्या तर पोवाडा पाढे म्हटल्यासारखा लागतो. माझा आग्रह असा असतो की आधी मी आणि ढोलकीवाल्याने क्लिकशिवाय, समोरासमोर बसून संपूर्ण गाणे घ्यावे, आणि संयोजकाने त्या मुद्रणावरून लय कुठे किती चढते त्याचा नकाशा काढून क्लिक त्याप्रमाणे वाकवावी. यात अर्धी शिफ्ट जाते, पण गाणे फिरवून आणलेले असेल तर हा वेळ परवडतो, कारण शब्द, थांबे आणि झील यांवर स्टुडिओत वाद उरलेला नसतो. झीलकऱ्यांना एकेकटे उभे करून आवाज घेऊ नयेत. तिघांना एका मायक्रोफोनभोवती कार्यक्रमात उभे राहतात तसेच उभे करावे, म्हणजे एकमेकांचा श्वास ऐकून ते एकत्र उचलतात.

मुद्रेचे कडवे राखायचे असेल तर कात्री मधल्या वर्णनाला लावावी, आणि ती मिक्सिंगच्या वेळी ध्वनिमुद्रकावर न सोपवता घरून लावून यावी. काम संपले की मास्टरबरोबर आवाज वगळलेला ट्रॅक आणि प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या फाइली डब्ल्यूएव्ही स्वरूपात त्याच आठवड्यात दोन हार्ड डिस्कवर घ्याव्यात. वाहिनीच्या चित्रीकरणाला किंवा मोठ्या महोत्सवाला आवाजाविना ट्रॅक ऐन वेळी मागितला जातो, आणि भाड्याच्या गाळ्यातले छोटे स्टुडिओ वर्ष-दोन वर्षांत जागा बदलतात. डिस्कवर वादकांची नावे, मुद्रणाची तारीख आणि प्रकाशनाच्या वेळी मिळालेला, त्या मुद्रणाची ओळख असणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. त्याच गाण्याचे कार्यक्रमातले मुद्रण पुढे प्रकाशित केले तर त्याला वेगळा क्रमांक लागतो आणि त्याची वेगळी नोंद इसामराकडे करावी लागते.