नवं शेल रंगाला पाठवण्याआधी

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं नवंकोरं शेल, म्हणजे बॉडीचा रिकामा सांगाडा (ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी अशी शेल १९८८ पासून बनवते) थेट रंगाला दिलं, की नंतर दार घासतं आणि ताजा रंग खरवडला जातो. म्हणून आधी कोरी जुळणी करा, म्हणजे रंगाआधी भाग तात्पुरते लावून पाहा.

१. दारं, बॉनेट, डिकी, पुढची काच, अगदी क्रोमच्या पट्ट्यासुद्धा लावून पाहा. फटी सारख्या करा, लागतील ती भोकं आत्ताच पाडा.

२. सुटं करताना प्रत्येक बिजागरीखालचे शिम (फट जुळवायच्या पातळ पट्ट्या) वेगळ्या पिशवीत, वर ‘डावं-वरचं’ असं लिहून.

३. शेलला वेल्ड केलेल्या नटांत जुने बोल्ट फिरवून ठेवा. आटे रंगाने बुजत नाहीत.

आटे साफ करायला मेट्रिक टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालू नका. या गाडीत बहुतेक यूएनएफ (इंची मापाचे बारीक) आटे आहेत, कायमचे बिघडतील.