आधी देणे, मग उरेल त्यावर घर: कर्जातून बाहेर पडताना

बायबलमधील २ राजे या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. तिचा नवरा देवभीरू होता, तरीही तो कर्ज मागे ठेवून गेला आहे आणि आता सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यासाठी आला आहे. ज्या घरावर कर्ज झाले त्या घराचा विश्वासच कमी पडला असणार, असे आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत दबक्या आवाजात बोलले जाते. कर्जात सापडलेल्या कुटुंबाने ते मनाला लावून घेण्याआधी हा उतारा वाचावा.

"तुझ्या घरात काय आहे?" असे अलीशा तिला विचारतो. आपणही तेथूनच सुरुवात करावी. पतिपत्नीने एक वही घेऊन एकत्र बसावे आणि डाव्या पानावर येणे, उजव्या पानावर देणे लिहावे. बँकेचा हप्ता सगळेच लिहितात. राहून जाते ती किराणा दुकानाची उधारी, दवाखान्यासाठी मेव्हण्याकडून घेतलेले दहा हजार आणि आधी उचललेल्या भिशीचे उरलेले हप्ते. दुकानदार व्याज लावत नाही म्हणून त्याला शेवटी ठेवण्याची आपली सवय आहे. ती मला फार खटकते, कारण घेतलेले परत न करणाऱ्याला स्तोत्र ३७:२१ दुर्जन म्हणते आणि तेथे व्याजाचा उल्लेखही नाही.

प्रत्येक रकमेपुढे व्याजाचा वार्षिक दर लिहावा. महिन्याला शेकडा तीन ऐकायला थोडे वाटते. पण ते वर्षाला ३६ टक्के होतात, आणि ५०,००० रुपयांवर दरमहा १,५०० रुपये नुसते व्याज जाऊन मुद्दल जागच्या जागी राहते. म्हणून सर्व ठरलेले हप्ते भरल्यावर जे जास्तीचे हाती राहील, ते सर्वांत चढ्या व्याजाच्या कर्जावर टाकावे. त्यासाठी घरातले सोने मोडावे लागले तर जिवावर येते, हे मी जाणतो. त्या विधवेकडेही तेलाचे एकच भांडे होते, आणि तिने तेच ओतले.

त्या तेलाने शेजाऱ्यांकडून मागून आणलेली सगळी भांडी भरल्यावर संदेष्टा तिला सांगतो की तेल विकून कर्ज फेड आणि जे उरेल त्यावर तू व तुझी मुले उदरनिर्वाह करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. पगार झाल्या दिवशीच हप्ता बाजूला काढावा आणि भाडे, शाळेची फी व किराणा उरलेल्या रकमेत बसवावा; महिनाअखेरीस उरेल ते देऊ, असे म्हणणाऱ्याकडे सहसा काही उरत नाही. घडी सर्वाधिक विस्कटते ती लग्नात. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशू लूक १४:२८ मध्ये सांगतो. तेव्हा पत्रिका छापण्यापूर्वीच हाती असलेल्या रकमेत जेवणाची किती पाने बसतात ते मोजावे. विवाह वेदीपुढे पूर्ण होतो, त्यासाठी बँड लागत नाही.

कर्ज असताना दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवाला द्यावा का याविषयी मतभेद आहेत. माझे मत असे की दशांश देणे थांबवू नये, पण दानासाठी उसने कधीच घेऊ नये.

जामीन राहण्याबाबत नीतिसूत्रे ६:१-५ स्पष्ट आहे: अडकला असशील तर आजच जाऊन विनवणी कर आणि सुटून ये. कायद्यानेही बँक जामीनदाराकडून मूळ कर्जदाराइतकीच वसुली करू शकते, म्हणून भिडेखातर सही करू नये.

हप्ता चुकणार असे दिसताच, तारीख उलटण्याआधी स्वतः जाऊन मुदत मागावी. जुना हप्ता भरण्यासाठी नवे कर्ज काढू नये. शेवटचा हप्ता भरल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला, घ्यावा, गहाण ठेवलेले मूळ कागद मोजून परत आणावेत, आणि जमिनीवर कर्ज असेल तर तो दाखला तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्यावा.