फेड, झोर्की की कीव्ह: सोव्हिएत रेंजफाइंडर घ्यायचा तर

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. "ताई, जुना रशियन रेंजफाइंडर घ्यायचाय. फेड, झोर्की, कीव्ह, यातला बेस्ट कोणता?" मी म्हटलं, "जो चालतो तो." त्याला वाटलं, मी टाळतेय. पण खरंच तसं आहे. साठ-सत्तर वर्षं वापरलेल्या, उघडलेल्या, पुन्हा कशाबशा जोडलेल्या या यंत्रांत मॉडेलपेक्षा हातातला नग महत्त्वाचा. (रेंजफाइंडर म्हणजे दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा एकावर एक बसवून फोकस करायचा फिल्मचा कॅमेरा.)

मी युक्रेनमधल्या खारकीव्हला मेडिकलला होते आणि खारकीव्ह म्हणजे फेडचं माहेर. तिथल्या अनाथ मुलांच्या वसाहतीत आधी विजेची ड्रिल मशिनं बनायची, मग १९३४ पासून 'लायका टू' या जर्मन कॅमेऱ्याची नक्कल बनायला लागली. नाव दिलं फेड, म्हणजे फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक! पोरक्या पोरांनी घडवलेल्या कॅमेऱ्याला हे नाव. मला तेव्हाही अंगावर काटा आला होता. झोर्की मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा. त्याची सुरुवात १९४८ मध्ये याच फेडवरून झाली, म्हणून दोघांच्या लेन्सचे आटे सारखे, ३९ मिलिमीटरचे. कीव्हचं घराणंच वेगळं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतून कॉन्टॅक्स या कॅमेऱ्याची यंत्रसामग्री उचलून नेली, त्यातून तो उभा राहिला. त्याची लेन्स फेड-झोर्कीला बसत नाही.

सगळ्यात जुने फेड-१ आणि झोर्की-१ पहिल्या खरेदीत घेऊ नका. दिसतात गोड, पण रोल खालून सरकवावा लागतो आणि त्यासाठी फिल्मचं टोक कात्रीने लांब जिभेसारखं कापावं लागतं. युद्धाआधीच्या फेडमध्ये तर लेन्स ज्या कॅमेऱ्याबरोबर जुळवली, त्याच्याशीच नीट चालते.

माझी शिफारस फेड-२. तो १९५५ ते १९७० या काळात बनला. मागचं झाकण आख्खं निघतं, त्यामुळे रोल घालणं सोपं. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर ६७ मिलिमीटर. झोर्की-४ मध्ये ते ३८ च आहे. हे अंतर जितकं जास्त तितका फोकस नेमका, आणि माणसांचे फोटो जवळून काढताना हा फरक जाणवतो. फेड-२ ला शटरचे १/२५ सेकंदापेक्षा मंद वेग नाहीत, फक्त बी आहे, म्हणजे बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं. मला त्याची कधी अडचण झाली नाही. उलट, मंद वेगांसाठीची गिअरची यंत्रणाच नाही म्हटल्यावर बिघडायला एक गोष्ट कमी.

झोर्की-४ कोणी घ्यावा? चष्मेवाल्यांनी. त्याचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, मोठा, डोळ्याला दिसतं तेवढंच दिसतं, आणि फिल्म परत गुंडाळायच्या रिवाइंडच्या खालची छोटी दांडी फिरवून नंबरही थोडाफार जुळवता येतो. मात्र डोळा लावायची कडी धातूची आहे, चष्म्यावर चरे पडतात. मी तिथे पातळ रबराची चकती चिकटवली. वेग १ सेकंदापासून १/१००० पर्यंत. बरोबर ज्युपिटर-८ लेन्स मिळाली तर सोडू नका, पन्नास एमएम, एफ/२, जुन्या जर्मन झाइस सोनार लेन्सच्या घडणीची. उजेडाविरुद्ध धरली की थोडी धुरकट होते. मला ते आवडतं.

कीव्ह मोहात पाडतो. ९० मिलिमीटरचा बेस (तेच दोन खिडक्यांमधलं अंतर), धातूच्या पट्ट्यांचं वरून खाली सरकणारं शटर, आवाज अगदी हलका. पण त्या पट्ट्या ओढणाऱ्या फिती तुटल्या तर आपल्याकडे दुरुस्त करणारा हात शोधत बसावं लागेल. घ्यायचाच असेल तर ४ऐवजी ४ए घ्या. ४ वर उजेड मोजणारा सेलेनियमचा मीटर आहे, तो बहुतेक वेळा मेलेलाच असतो. नुसतं ओझं. आणि धरताना उजव्या हाताचं मधलं बोट रेंजफाइंडरच्या खिडकीवर येतं, ते मुद्दाम वाकवून धरायची सवय लावावी लागते.

आता नग तपासणं. खारकीव्हच्या बाजारात ज्या आजोबांकडून मी फेड घेतला, त्यांनी पैसे हातात घेण्याआधी मला तीनदा बजावलं: आधी फिल्म पुढे नेणारी, शटर ताणणारी चावी फिरवायची, मग वेग बदलायचा. कधीही उलटं नाही. शटर ताणलेलं नसताना फेड-२ ची चकती भलताच आकडा दाखवते. झोर्की-४ मध्ये तर आतली यंत्रणाच अडकून मोडू शकते. म्हणून दुकानदारानेच न ताणता चकती करकरा फिरवून दाखवली, तर कॅमेरा खाली ठेवा.

त्यानंतर लेन्स काढा, मागचं झाकण काढा आणि शटर दाबत त्याच्या कापडी पडद्यांतून उजेड बघा. १/५०० वर चौकट पूर्ण उजळली पाहिजे. एका बाजूला काळी पट्टी दिसली तर पडदे एकसारखे धावत नाहीत. बी वर दाबून धरा, सोडल्यावर पडदा लगेच मिटला पाहिजे.

मी एक तपासणी विसरले होते. पहिला रोल धुऊन आणला, तर शेवचेन्को बागेतल्या बर्फाच्या आठ-दहा फोटोंत एकाच जागी पांढरा ठिपका. जिथे माणूस, तिथे त्याच्या खांद्यावर. जिथे झाड, तिथे खोडावर. मैत्रीण म्हणाली, चांदणी आहे. चांदणी कसली, शटरच्या रबरी कापडाला टाचणीएवढं भोक होतं! अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या जागी मोबाइलची टॉर्च धरून मागून पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पडद्याच्या दोन्ही अवस्थांत बघायचं, शटर ताणून आणि सोडून. भोक बारीक असेल तर लवचिक काळ्या रंगाचा पातळ थेंब पुरतो. या कॅमेऱ्यांत मध्ये आरसा नसतो, त्यामुळे उघडी लेन्स सूर्याकडे तोंड करून ठेवली तर भिंगाने कागद जळावा तसा पडदा जळतो. फोटो काढून झाला की टोपी लावा.

लेन्स अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसवर, नेऊन लांबची टाकी किंवा टॉवर बघा, दोन प्रतिमा एकावर एक बसल्या पाहिजेत. थोडं इकडेतिकडे असेल तर जुळवता येतं, त्यावर सौदा मोडू नका. आत फिल्म गुंडाळायचं सुटं स्पूल आहे का, ते मात्र नक्की बघा. सुटं असल्यामुळे हमखास हरवलेलं असतं.

सोनेरी, गरुडाचं चिन्ह कोरलेला 'लायका' कोणी स्वस्तात देत असेल तर हसून पुढे चला, तो फेड-झोर्कीवरून केलेला नकली असतो. कीव्ह शहरातल्या आंद्रीव्स्की उतारावर असे कितीतरी मांडलेले मी पाहिलेत. लेन्स काढली की आत खऱ्या लायकात गोल चाक असतं, फेड-झोर्कीत तिरकी पाचर.

आणि चामड्याचं केस कितीही देखणं असलं तरी कॅमेरा त्यात ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी तिथूनच सुरू होते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, बास.

भाऊ चष्मा लावतो, म्हणून त्याला झोर्की-४ सांगितला. परवा त्याने विक्रेत्याने पाठवलेला व्हिडिओ मला पुढे धाडला. शटर छान वाजत होतं, पडदेही काळेभोर. झाकण उघडल्यावर डावीकडे रोलची जागा, उजवीकडे नुसतीच दांडी. "स्पूल कुठंय विचार," मी लिहिलं, "आणि तोवर पैसे पाठवू नकोस."